बाबांची जुनी दुनळी

बाबा घाटकोपरच्या एका बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक घेऊन उभे राहतात. गिरणी गेल्यावर ही नोकरी धरली, तेव्हा त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. दस्त्याचं पॉलिश उडालेलं, हात पडतो तिथे नळ्यांचा काळा रंग गेलेला. पण कळीला अंगठा लावला की ती काडतुसं भरायला अलगद उघडायची. तेलपाणी करताना बाबा रिकामी बंदूक न बघता उघडायचे, मिटायचे आणि तोंडाने आईशी वाद चालू.

एकदा मी बँकेत गेलो होतो. रांगेतला एक माणूस हसत म्हणाला, "काका, ही उडते तरी का?" बाबाही हसले. मला मात्र झोंबलं. मालाडच्या ऑफिसात नुकतीच बढती मिळाली होती, डोक्यात हवा गेली होती नुसती. घरी येऊन हट्टच धरला.

"बाबा, नवीन घ्या. मी देतो घेऊन."

"अरे, हिला काय झालंय? चालते ना."

"चालते, पण दिसते कशी!"

महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी माझं मन राखायला ते हो म्हणाले. परवाना एकाच बंदुकीचा, म्हणून जुनी डीलरला देऊन टाकली. अर्ज, परवानगी, शिक्के सगळं झालं आणि आम्ही नवी आणायला गेलो.

नवी चकचकीत होती, एक ओरखडा नाही. बाबा उघडायला गेले तर कळ इतकी घट्ट, की बंदूक गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

"वापरून होईल सैल," डीलर म्हणाला. "वर्ष-दोन वर्षांत."

तेवढ्यात खाकी कपड्यातले दुसरे एक गार्ड बंदूक घ्यायला आले. डीलरने त्यांच्यापुढे दोन नव्या ठेवल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि कोपऱ्यातली बाबांची उचलली. उघडली, मिटली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं.

"ही द्या. कोणीतरी नीट सांभाळलीय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मीच. डीलरला म्हटलं, नवी ठेवा, आमची आम्हाला द्या. त्याने बाबांचा परवाना उघडून दाखवला. जुनीचा नंबर खोडलेला, नवीचा चढलेला.

"पुन्हा अर्ज करा. पण तोवर ही थोडीच थांबणार?"

बाबा तोपर्यंत त्या गार्डजवळ गेले होते. "डाव्या नळीचा चाप जड आहे हां. बोट पूर्ण आत घाला." ते "बरं, दादा" म्हणाले.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "बाबा, होईल हिचीही सवय."

"होईल रे. पण तोवर बँकेत काही झालं तर?"

हल्ली रोज संध्याकाळी ते ती रिकामी करून गुडघ्यावर घेतात, उघडतात, मिटतात, बोटं चोळून पुन्हा उघडतात. मी शेजारी बसून बघतो. दिवसभर खपून मी ती सैल करून दिली असती. पण परवाना त्यांच्या नावाचा, मला तिला हात लावायचीही मुभा नाही.