सोन्याने मढलेले रोमचे गरीब

संतांच्या गोष्टी सांगायला मला फार आवडतं, पण त्यांची नाटकं बसवणं म्हणजे डोक्याला ताप! तरी त्या वर्षी आमच्या पापडी गावातल्या चर्चच्या सणाला मीच हौसेने पुढे झाले. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते ना, मग बाईंना सगळं येतं असा गावाचा समज.

गोष्ट निवडली संत लॉरेन्सची. रोममध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता, तेव्हा हा गडी चर्चमधलं दान गोरगरिबांना वाटायचा. अधिकाऱ्याने दरडावलं, "चर्चचा खजिना आणून दे." याने शहरातले आंधळे, पांगळे, विधवा, सगळ्यांना गोळा करून त्याच्यापुढे उभं केलं. "हा घ्या आमचा खजिना!" मग त्याला निखाऱ्यांवर भाजलं, तर तिथेही म्हणतो, "ही बाजू झाली, आता उलटवा." असा संत कोणाला आवडणार नाही?

लॉरेन्स म्हणून नवऱ्याला उभं केलं. पण खरं सांगते, माझा जीव अडकला होता सासूबाईंत. गावात कुठलंही लग्न असो, पहिलं गाणं उचलायचं ते त्यांनीच, अशी ही बाई. सासरे गेले आणि गप्पच झाली. सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायच्या, की कोणाशी न बोलता थेट घरी. दारातून कोणी हाक मारली, तर आतूनच "बरी आहे गं." मला बघवत नव्हतं ते. म्हणून त्यांना गरिबांच्या घोळक्यात घातलं.

"आई, बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं."

"या वयात मला कशाला नाचवतेस?" म्हणाल्या. पण लेकासाठी आल्या.

सणाच्या संध्याकाळी मंडपामागे गेले आणि कपाळावर हात मारला. आमच्या आळीतल्या बायका रोमचे गरीब म्हणून हजर होत्या, त्या कोऱ्या लालभडक लुगड्यांत! गळ्यात हार, हातात पाटल्या, अंबाड्यात सोन्याचं फूल.

"अगं बायांनो, फाटकं नेसून या म्हटलं होतं ना!"

"सणाच्या दिवशी? चारचौघांत?" एकीने मलाच झापलं. "माझ्या माहेरची माणसं पुढे बसलीयत. त्यांना काय वाटेल?"

फक्त सासूबाई केळीला पाणी घालताना नेसायचं विटकं लुगडं नेसून कोपऱ्यात उभ्या होत्या.

पडदा उघडला. नवऱ्याने ऐटीत हात पसरले, "हे आमचे गरीब, हाच आमचा खजिना!" आणि अख्खं मैदान हसत सुटलं. अधिकारी झालेला आमचा शेजारी तर आपलं बोलणंच विसरला. पाटल्यांकडे बघत म्हणाला, "बराच आहे की! आण इकडे." मी पडद्याआड घामाघूम. नाटकाचं जाऊ दे, पण एवढी फजिती झाल्यावर सासूबाई पुन्हा कधी लोकांत यायच्या?

तेवढ्यात त्याच पुढे आल्या. पदर खोचला.

"ए बाबा," खणखणीत आवाजात त्या शेजाऱ्याला म्हणाल्या, "सोनं हवंय ना तुला? घे काढून. मग ज्या बाया उरतील, तोच आमचा खजिना."

अशा टाळ्या पडल्या म्हणता! फादरसुद्धा उभे राहिले. पुढे निखाऱ्यांवर आडवा पडलेला नवरा "आता उलटवा" म्हणाला, तेव्हा सगळ्यांत आधी खळखळून हसल्या त्या सासूबाई. तिकडे संताचा जीव जातोय आणि त्याची आई हसतेय! मला मात्र इतका आनंद झाला की काय सांगू.

नाटक संपल्यावर त्यांना घ्यायला गेले. त्या बायांच्या मधोमध बसल्या होत्या. लग्नातलं गाणं त्यांनीच उचललं होतं आणि बाकीच्या मागून म्हणत होत्या.

"चला आई, दमला असाल."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात हलवला.

"तू हो पुढे. मला उशीर होईल."

मी रस्ताभर एकटीच हसत आणि डोळे पुसत घरी गेले.