सातावर अडलेला पालक

"पालक बाजारातून आणायचा नाही," विश्राम प्रधानांनी जाहीर केलं. "मृणालच्या केळवणाला पातळ भाजी होईल ती आपल्या गॅलरीतल्या पालकाची. मामानं स्वतः पिकवलेल्या."

"आणि नाही पिकला तर?" चित्रामामींनी विचारलं.

"एकतीस वर्षं पाणी सांभाळलंय मी, चित्रा!"

हे खरं होतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मामा सांडपाण्याच्या प्लँटवर होते. तिथलं पाणी यायचं ते अ‍ॅसिडिक. त्यात चुना घालायचा, मीटर बुडवायचा आणि पीएचचा आकडा सातावर आला की मगच गेट उघडायचं. साहेब बदलले, कंपनीचं नाव दोनदा बदललं, सात काही बदलला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी गॅलरीत पांढरे पाइप आडवे लावले, त्यांना भोकं पाडली आणि मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यावर पालक लावला. पेनाएवढा एक पीएच मीटरही घेतला. रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून ते टाकीजवळ बसत. मीटरचं टोक डिस्टिल्ड पाण्यात खळबळायचं, टिशूनं अलगद टिपायचं, मग टाकीत बुडवायचं. खत घातलेलं पाणी रोज सहाच्या आसपास निघे. मग पीएच वाढवायचं औषध, थेंब थेंब. सहा पॉइंट चार... सहा पॉइंट आठ... सात!

"गेट उघडा!" मामा स्वतःलाच हुकूम सोडत आणि पंप सुरू करत.

केळवणाला अठरा दिवस उरले आणि पालक पिवळा पडला. कोवळी पानं आधी. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं फिकट.

वर्तकनगरहून भाचीचा फोन आला. "मामा, फोटोत पालकच आहे ना? मला वाटलं, माझ्या हळदीची प्रॅक्टिस चाललीय."

"हसू नकोस गं."

"अरे, मग बाजारातून आण ना. मला कळणारपण नाही."

"मला कळेल," मामा म्हणाले आणि त्या दिवसापासून पीएच तीन तीनदा तपासू लागले. सात. सात. सात. पानं आणखी पिवळी.

शेवटी मामींनी खताच्या डब्यातला घडी केलेला कागद काढला. "अहो, हे वाचलंत?"

"सूचना शिकाऊ लोकांसाठी असतात."

"मग शिका. 'पालेभाज्यांसाठी पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवावा. त्याच्या वर गेल्यास मुळांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात.'"

"छपाईची चूक असेल," मामा म्हणाले.

"मागे तक्ता आहे. तिथेही तीच चूक आहे."

"अगं, पण सहा! सहावर मी आयुष्यात गेट उघडलं नाही."

"ते पाणी नाल्यात सोडायचं होतं. हे ह्या रोपांना प्यायचंय."

मामा पाइपांकडे बघत राहिले. "म्हणजे पाणी रोज बरोबरच होतं आणि मी रोज ते बिघडवत होतो?"

"रोज. आंघोळ करून."

आधी मामी हसल्या, मग मामा. इतके की खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून नवं पाणी भरलं. मीटर म्हणाला, सहा पॉइंट एक. मामांचा हात औषधाच्या बाटलीकडे गेला. मामींनी बाटली उचलून पदराआड धरली.

"बघवत नाही गं मला."

"मग आत जाऊन पेपर वाचा. पंप मी लावते."

पाचव्या दिवशी मधलं एक पान हिरवं निघालं. मामांनी मामींना दात घासताना ओढत गॅलरीत नेलं. दहाव्या दिवशी पाइप दिसेनासे झाले.

केळवणाला मृणाल आणि तिचा होणारा नवरा अनिमेष पाटावर बसले. रांगोळी, उदबत्ती, सगळं यथासांग. पिवळी पानं निवडून टाकल्यामुळे भाजी जेमतेम एक पातेलं झाली होती. ती मामांनीच वाढली आणि पळी हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

मृणालनं भुरका मारला. डोळे मिटले. "भाजी मामीच्या हातची, नेहमीसारखीच."

मामांचा चेहरा उतरला.

"पण पालक असा कधी खाल्ला नव्हता, मामा. वाढ ना अजून!"

मागोमाग अनिमेषचीही वाटी पुढे आली. मामांनी पातेलं तिरकं केलं, शेवटचा शेंगदाणासुद्धा खरवडून वाढला.

"आणि तुम्हाला?" अनिमेषनं विचारलं.

"आम्ही उद्या खाऊ," मामा ऐटीत म्हणाले. "कोवळी पानं येतायत."

"परवा," आतून मामी म्हणाल्या. "वाढू देत त्यांना जरा."