पेटीच्या झाकणातला श्री

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या गोदामात मी वीस वर्षं नाजूक माल पॅक केला. मी पॅक केलेलं अंडं विमानातून खाली टाका. त्यातून पिल्लू निघेल आणि तुम्हाला नमस्कार करेल. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतून मी पेन्सिलीनं ‘श्री’ लिहायचो. शाळेत नव्या वहीवर लिहायचो ना, तसंच.

मागे एकदा शेठनी (आमच्याच साताऱ्याकडचे) एक ग्रीक कलश आणून ठेवला. काळ्या अंगावर लाल माणसं. अडीच हजार वर्षांचा.

“कस्टमच्या कागदावर काय लिहू?” मी विचारलं.

“शोभेची कुंडी. नवी.”

लिहिलं. त्या नव्या कुंडीच्या बुडाला थडग्यातली माती चिकटलेली होती, इतकी ताजी की मेथीच्या दोन जुड्या निघाल्या असत्या. ती मीच ब्रशनं झाडली.

यंदा तो कलश गिऱ्हाइकाकडे पकडला गेला. चोरीचा, आता ग्रीसला परत जाणार. सोबत आमची पेटीही सापडली. चौकशीवाल्या साहेबांनी झाकण उलटं करून विचारलं, हे काय?

दर दिवाळीला चोपडीवर श्री काढणाऱ्या आमच्या शेठनी ते अक्षर असं न्याहाळलं, जणू चिनी आहे. “नो आयडिया सर. पॅकर का पर्सनल सिम्बॉल होगा.”

मग मला कोपऱ्यात घेतलं. “भाऊ, तू एकट्यानं केलंस असं लिहून दे. मी अडकलो तर चाळीस घरं उपाशी मरतील.”

“शेठ, पोरीची बारावी आहे. दोन महिन्यांवर बोर्ड.”

“परीक्षा होईपर्यंत तुझ्या व्हिसाला हात लावत नाही. आईशप्पथ.”

मी लिहून दिलं. शेठची आई तिसऱ्या दिवशी मेली असावी, कारण त्याच दिवशी फोन आला: “खलास भाऊ, वरून प्रेशर आहे. कॅन्सल करावा लागतोय.”

शारजात, अल मजाजच्या घरी बायको बॅगा काढत होती. मुलीनं फिजिक्सचं पुस्तक मिटलं.

“बाबा, डिड यू नो इट वॉज स्टोलन?”

गोष्टी माझ्याकडे ढिगानं होत्या. शेठनं फसवलं, कागद अरबीत होता, मला चष्मा नव्हता. तोंडही उघडलं होतं मी.

“माहीत होतं,” म्हणालो.

“ओके,” ती म्हणाली, आणि तिची पुस्तकं मला पॅक करू दिली नाहीत.