उसवकाकू

कुणाच्या अंगावर हाताने विणलेलं काही दिसलं की काकूंचा हात आधी त्याच्या काठाकडे जायचा. कौतुक करायला नव्हे. काठ उलटा करून त्या टाके बघायच्या, आणि चुकलेला टाका सापडला की सरळ म्हणायच्या, "काढ वं हे." पाहुणी असो की नवी सून, ती बिचारी कसनुसं हसून स्वेटर काढून द्यायची. मग काकू चूक जिथे असेल तिथपर्यंत ते भराभर उसवून टाकायच्या आणि सुया तिच्याच हातात द्यायच्या. बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना उसवकाकू म्हणत, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

"चुकलेलं डोयासमोर ठेवून पुढं कशी जाते वं तू?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुण्याकडून आलेल्या एका सुनेला तो भांडणाचा सूर वाटला आणि ती आठ दिवस काकूंच्या दाराकडे फिरकली नाही. नंतर तीच काकूंच्या ओट्यावर सर्वांत जास्त बसलेली दिसायची. आमच्याकडे प्रेमानेही असंच बोलतात, हे कळायला बाहेरच्या माणसाला वेळ लागतो.

काकूंचं माहेर चांदूर बाजारकडचं, संत्र्याच्या बगिच्याचं. लोकरीशी तिकडे कुणाचा संबंध नव्हता. काका रेल्वेत गार्ड होते. आज गेलेला माणूस उद्या येईल की परवा, याचा भरवसा नसे. रेल्वे क्वार्टरमधल्या एका पंजाबी शेजारणीने काकूंचं सारखं दाराकडे बघणं पाहिलं आणि हातात सुया दिल्या. तेव्हापासून त्या विणत होत्या. वऱ्हाडात थंडी ती केवढी, आणि त्यासाठी बारा महिने लोकर घेऊन बसायचं म्हणजे लोकांना गंमतच वाटायची. मे महिन्यात कूलरसमोर मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या काकूंना कुणी चिडवलं तर त्या मान वर न करता म्हणत, "लोकर काय थंडीसाठीच असते काय? डोकं थांबत नसन तं हात चालू द्यावा मानसानं."

नवी लोकर मात्र त्या फारशी विकत घेत नसत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गल्लीत आली की काकू तिच्या गाठोड्याशी जाऊन बसत, विटलेले स्वेटर निवडून घेत आणि बदल्यात आपल्या जुन्या साड्या देत. ते स्वेटर उसवून, लोकर धुऊन, पाटाला गुंडाळून वाळवली की तिची वळणं जायची. त्या लोकरीची त्या टोपडी विणत, गल्लीत जिला दिवस गेले असतील तिच्या बाळासाठी. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पहिलं अंगडं जुन्या कापडाचं, टोपडं जुन्या लोकरीचं. काकू ही रीत कडक पाळायच्या. "पोर घरात येऊ द्या, मग करा म्हना हौस."

मला ही रीत ठाऊक होती, पण मी ती मानत नव्हते. लग्न होऊन मी अकोल्याला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले. सातव्या महिन्यात मी दुकानातून पिस्ता रंगाची कोरी लोकर आणली आणि बाळासाठी स्वेटर विणायला घेतला. पाठ पूर्ण झाली, पुढची एक बाजू अर्धी झाली. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती, एवढंच मला कळलं. अशा वेळी आईने पाहू नये म्हणतात, म्हणून मला दाखवली नाही. पुरुष माणसं तिला घेऊन गेली. मी त्यांच्यामागे जायला उठले तर घरच्याच बायकांनी खांदे धरून मला दवाखान्याच्या पलंगावर बसवलं.

घरी आल्यावर मावससासूबाईंना टेबलावरच्या सुया दिसल्या. "आधीच नवं विनाले बसली होती ना," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नसेलही. मी शिकलेली बाई, डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं होतं, मला ते समजलंही होतं. तरी ते वाक्य आत शिरलं आणि तिथेच राहिलं. सकाळी दात घासताना, पोळी लाटताना, फळ्यावर लिहिताना तेच. शेवटी नवऱ्यानेच मला रजा टाकायला लावून बडनेऱ्याला आईकडे आणून सोडलं.

काकू दुसऱ्याच दिवशी आल्या. "देवाची मर्जी" नाही, "वय हाय अजून" नाही, त्यांनी समजुतीचं काहीच काढलं नाही. पलंगाशी खुर्ची ओढली आणि विणत बसल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, "कुठं हाय ते?" मी उशाखालून तो अर्धा स्वेटर काढला. काकूंनी तो हातात घेऊन उलटा केला. खांद्याजवळ माझा एक टाका सुटलेला होता, तो त्यांना दिसला हे मला दिसलं. आयुष्यभर दिसेल ते उसवत आलेल्या त्या बाईने स्वेटरची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे मी नाई उसवत," त्या म्हणाल्या. "तुले जवा वाटन तवा तू उसव. नाई वाटलं तं राहू दे. आमी गुरुवारी बसायले जाऊन राहिलो. तू बी चाल."

बसायला जाणं म्हणजे चिखलदऱ्याला जाणं. संक्रांत झाली की काकू गल्लीतल्या आठदहा बायका गोळा करून गाडी ठरवत आणि दोनतीन दिवस वर नेत. घाटात कानांना दडे बसले की बायकांच्या गप्पा थांबत. तिथल्या एका साध्या धर्मशाळेत उतरायचं. रखवालदाराची बायको स्वयंपाक करायची, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायला काकूंनी सगळ्यांना बंदी घातली होती. समोर दरीत धुकं, व्हरांड्यात ऊन, आणि ओळीने बसलेल्या बायकांच्या मांडीवर लोकर. गल्लीतले पुरुष विचारायचे, नुसतं विणायला एवढ्या लांब कशाला? घरी बसता येत नाही काय? काकू म्हणत, "घरी बसता आलं असतं तं कायले गेलो असतो?"

तिथला नियम एकच होता. काही पूर्ण करायचं नाही. पोस्टात नोकरी करणाऱ्या एक वहिनी होत्या, त्यांना नातवाचा मफलर त्याच मुक्कामात संपवायचा होता. कोपऱ्यात बसून त्या घाईघाईने सुया मारत होत्या. काकूंनी मफलर मागून घेतला, त्यात एकही चूक नसताना वीतभर उसवला आणि परत दिला. वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घरी सारं पुरंच करत असते ना तू," काकू म्हणाल्या. "डबे पुरे कर, हापिस पुरं कर, पाहुने पुरे कर. इथं कोनी वाट पाहून नाई राह्यलं तुयी." वहिनी रुसल्या खऱ्या, पण दुपारी पहिल्यांदा मान वर करून त्यांनी दरीकडे पाहिलं.

मला काकूंनी मरून रंगाची जुनी लोकर दिली. एक सुई सुलट, एक सुई उलट, नमुना काही नाही. संध्याकाळी सगळं उसवायचं, सकाळी पुन्हा टाके घालायचे. पहिल्या दिवशी मला त्यांचा रागच आला. दुसऱ्या दिवशी जेवायला हाक आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून ते वाक्य मला आठवलं नव्हतं. माझे खांदे खाली आले होते. बोटं आपोआप चालली होती, उन्हाने पाठ शेकली होती, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. माझ्यासाठी ते फार मोठं होतं.

म्हणूनच कदाचित त्या दुपारी विचारायचा धीर झाला. बाकीच्या बायका फिरायला गेल्या होत्या.

"काकू, तुम्हीही बाळंतपणाआधी जुन्याच लोकरीचं विणता. म्हणजे तुम्हालाही ते खरंच वाटतं ना?"

काकूंच्या सुया थांबल्या. त्या विणताना बोलायच्या, बोलताना विणायच्या. त्यांच्या थांबलेल्या सुया मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"माय करे, म्हून मी करतो," त्या म्हणाल्या. "इतकी टोपडी विनली मी जुन्या लोकरीची. त्यातलीबी काही पोरं नाई राह्यली. हे मी कधी कोनाले बोललीच नाई." मग स्वतःशीच बोलावं तसं, "जुन्यानं वाचवलं नाई, तं नव्यानं कसं मारलं असन?"

परत आल्यावर काकूंनी जे केलं ते गल्लीला झेपणारं नव्हतं. शेजारच्या प्रीतीला सहावा महिना होता. काकू अमरावतीला गेल्या, कोरी पिवळीधमक लोकर आणली आणि भर ओट्यावर बसून तिच्या बाळासाठी टोपडं विणायला लागल्या. प्रीतीच्या सासूबाईंनी हात जोडले, पाया पडल्या, मग बोलणं टाकलं. माझी आई म्हणाली, "काही उलटं झालं तर ही गल्ली काकूंना जगू द्यायची नाही." ते अगदी खरं होतं. काकूंनाही ते माहीत होतं, कारण तेवढे महिने त्यांचं जेवण तुटलं होतं. मी अकोल्याहून रोज आईला फोन करून प्रीतीची चौकशी करत असे. मुलगा झाला, चांगला रडका, दणकट. काकूंनी टोपडं नेऊन त्याच्या डोक्यावर बसवलं आणि तडक घरी आल्या. मला फोन आला तेव्हा मी शाळेच्या जिन्यावर बसून रडले. आपल्यासाठी कुणी एवढं पणाला लावलं की काय वाटतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढे चिखलदऱ्याला मी दर वर्षी जात राहिले. मूल मला पुन्हा झालं नाही. अर्धा स्वेटर कपाटात साड्यांखाली तसाच होता. काकूंनी त्याचं नाव कधी काढलं नाही.

मागच्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. काका आधीच गेले होते, मुलगा हैदराबादला. उपचार अकोल्यात घ्यायचे ठरले आणि काकू माझ्याकडे राहायला आल्या. केस गेले. एप्रिलमधलं अकोला, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि काकूंना हुडहुडी भरायची. आम्ही घरातला कूलर बंद ठेवायचो.

"मले टोपी करून दे," एकदा दुपारी त्या म्हणाल्या.

"आणते लोकर संध्याकाळी."

"दुकानातली नको." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुयापाशी हाय ते पायजे मले. पन तुयं मन होत असन तं. नाई तं राहू दे."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, स्वच्छच होता तो. मग कपाट उघडलं.

उसवायचं काम माझं होतं. काकू उशीला टेकून लोकरीचा गुंडा करत होत्या. अर्धी बाजू आधी गेली, मग पाठ. खांद्याजवळचा तो सुटलेला टाका कुठल्या क्षणी गेला मला कळलं नाही, कारण मला समोरचं दिसत नव्हतं. "हळू," काकू एवढंच म्हणत होत्या, "हळू, घाई नाई." शेवटची ओळ सुटली आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. दवाखान्यात मला रडू दिलं नव्हतं. काकूंनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातात गुंडा तसाच होता.

टोपी मी दोन दिवसांत विणली. त्यांनी ती काठ उलटा न करताच डोक्यात घातली आणि मग काढली नाही.

पाऊस लागायच्या आधी काकू गेल्या. त्यांना बडनेऱ्याला नेलं. आंघोळ घालताना बायकांनी टोपी काढून बाजूला ठेवली. काकूंचा मुलगा ती घेऊन माझ्याकडे आला. "ताई, ही तुमच्या हातची. आठवण म्हणून ठेवता का?"

मी टोपी घेतली. आंघोळीचं पाणी उडून ती थोडी ओलसर झाली होती. आत गेले, काकूंच्या डोक्यात घातली, कानांवर नीट ओढली. एक जण म्हणाली, असं नसतं करत. मी तिच्याकडे पाहिलं, ती बाजूला झाली.

तिरडी उचलली तेव्हा बायका रीतीप्रमाणे दाराशी थांबल्या. मी थांबले नाही. आई मागून हाक मारत होती, पण खांद्यांना धरून बसवणारं या वेळी कुणी नव्हतं. पुरुषांच्या मागोमाग, उन्हात, मी मोक्षधामापर्यंत चालत गेले आणि दोघींनाही पोचवून आले.