डावी पापणी

आमच्या घरातल्या सिगारींना पिकल्या केळ्यांचा वास येतो. नवरा केळीचा व्यापारी. जळगावच्या मे महिन्यात सिगारी वाळून तडकू लागल्या, तेव्हा त्याने त्यांची लाकडी पेटी केळी पिकवण्याच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथे गारवा असतो, हवेत ओल असते. तिथला दाट, अंगाला चिकटणारा गोडवा मात्र त्याच्या ध्यानात आला नाही. रविवारी दुपारी धुळ्याहून येणारे डॉक्टर आणि गल्लीपलीकडचे वकील त्या सिगारी पेटवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘‘वा! जुनं चामडं, ओलं लाकूड!’’ मी बर्फाचे भांडे ठेवते आणि काही बोलत नाही. न बोलण्यालाही एक चव असते, आणि ती मला व्हिस्कीच्या कितीतरी आधी कळली होती.

त्या बैठकीत मला मान आहे, खुर्ची नाही. नवरा बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळतो, ग्लासांत बोटभर ओततो. दोघा पाहुण्यांना ओळखता आले नाही की हाक येते, ‘‘वहिनी, या, निकाल द्या.’’ मी पदराला हात पुसून वाकते. ही धुरावर वाळवलेल्या धान्याची, ही जुन्या पिंपातली. ही नाशिककडची लाल वाइन, जिच्यात ही सभ्य माणसे उन्हाळ्यात बर्फ टाकतात. मी चुकत नाही. प्यायला मात्र मला कोणी देत नाही, फक्त हुंगू देतात.

हे नाक आबांचे. माझे वडील अमळनेरला तेलाच्या गिरणीत होते. थेंबभर तेल तळहातावर चोळायचे, ओंजळ चेहऱ्याशी न्यायची आणि सांगायचे: सरकी, दोन दिवसांत खवट होईल. घरी पाहुणे आले की ते माझ्यापुढे तेलाच्या वाट्या मांडत. मी अडखळले, तर माझी नजर बरोबर वाटीवर येताच त्यांची डावी पापणी किंचित झुके. पाहुणे थक्क होत. पण पदवीनंतर मी त्याच गिरणीत काम मागितले, तेव्हा ते चारचौघांत हसले होते. ‘‘पोरीसनं नाक फोडनीपुरतं शे, बाई.’’

पुढे साथीच्या तापात आबांना वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. हे फक्त मला ठाऊक होते. त्यांच्या शेजारच्या शेगडीवर दूध करपून काळे झाले, तरी ते पेपर वाचत बसले होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळले. ‘‘कोनले सांगू नको,’’ एवढेच म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात ते डोळे तपासायला आमच्याकडे आले आणि मुक्कामात रविवार लागला. त्या दिवशी डॉक्टरांनी पिंपळनेरकडून मोहाची दारू आणली होती. वकिलांनी माझ्याच स्वयंपाकघरात तिच्यात कोरा चहा मिसळून तिला व्हिस्कीचा रंग आणला. ‘‘वहिनी, तुम्ही तोंड उघडायचं नाही हं.’’

आबांपुढे दोन ग्लास ठेवले गेले.

‘‘आबा, वहिनींचं नाक तुमचं म्हणतात,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आज अस्सल माल बघू द्या. प्यायची नाही, नुसतं सांगायचं, परदेशी कुठली.’’

‘‘ओळखलं नाही,’’ नवरा म्हणाला, ‘‘तर गिरणीनं तुम्हाला जन्मभर फुकट पोसलं असं समजू.’’

आबांनी पहिल्या ग्लासात बोट बुडवले. तळहातावर चोळले, ओंजळ चेहऱ्याशी नेली. मग दुसऱ्या ग्लासाचे तसेच. हालचाल इतकी देखणी, इतकी जुनी होती की तिघेही पुढे झुकले. पहिल्यात परदेशी व्हिस्की होती, दुसरा ग्लास मोहाचा. मला त्याचा वास दारातूनच येत होता, पावसात कुजणाऱ्या फुलांसारखा.

मग आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितले. एका पापणीचे काम होते.

त्यांची नजर पहिल्या ग्लासावर गेली, परत माझ्यावर आली. मी डोळे उघडे ठेवले. पाणी येईपर्यंत उघडे ठेवले.

‘‘ही,’’ दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवून आबा म्हणाले. ‘‘बाहेरदेशनी शे. वास कसा भारी शे!’’

हसण्याने वकिलांना ठसका लागला. ‘‘मोहाची, आबा! पिंपळनेरची!’’

‘‘डोळे कशाला तपासता,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आधी नाक दाखवा कोणाला तरी.’’

नवऱ्याने एक सिगार त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खोचली. ‘‘घ्या. हरणाऱ्याचं बक्षीस.’’

आबाही हसले, सर्वांत शेवटी आणि सर्वांहून जास्त वेळ. मला त्यांची कीव आली असे मी लिहिले, तर ते खोटे होईल. त्या खोलीत आता एकच नाक उरले होते, आणि तो गोडवा माझ्या टाळूला लागला होता.

संध्याकाळच्या गाडीला त्यांना बसवायला मी स्टेशनवर गेले. खिशातल्या सिगारीचा केळकट वास हातभर अंतरावरून मला येत होता. गाडी दिसू लागली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘तुले तं वास उना व्हता ना?’’

हो म्हणता आले असते.

‘‘नाही, आबा.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा अपमान उतरला आणि त्या जागी माझ्यासाठी काळजी आली. ‘‘मंग तुनं नाकबी गयं, बाई,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘जावाईले सांगू नको.’’

आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तळहाताला अजून मोहाचा वास येत होता.