भिंगबाई खात नाहीत

गुरांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीपलीकडे सव्वीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. गाव त्यांना भिंगबाई म्हणायचं, तोंडावर नुसतं बाई.

काम म्हटलं तर चिमूटभर होतं. रानडुक्कर मारलं की शिजवण्याआधी त्याचं मांस तपासून घ्यायचं, असा तिथला नियम. या मांसात कधीकधी एक बारीक अळी असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. कच्चट मांसाबरोबर पोटात गेली की तिची पिल्लं माणसाच्या स्नायूंत जाऊन बिऱ्हाड करतात. मग ताप, सूज, अंग मोडून येणं, आणि एखाद्याच्या जिवावरही बेततं.

थंडी पडली, शिकारीचे परवाने निघाले, की खिडकीशी माणसं यायला लागायची. डुकराच्या छातीपोटामधल्या पडद्याचा अक्रोडाएवढा तुकडा आणायचा. कुणी डब्यातून आणायचं, कुणी पिशवीतून, एका मास्तरांनी तर चष्म्याच्या घरातून आणला होता. बाई कात्रीनं त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे अठ्ठावीस तुकडे काढायच्या, दोन जाड काचांमध्ये मांडायच्या आणि स्क्रू पिळून इतके चपटे करायच्या की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. मग एकेक दाणा भिंगाखाली. पाऊण तास जायचा. साफ निघालं की निळ्या कागदावर शिक्का मारायचा आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवायचा.

बाहेर एक बाकडं होतं. तो पाऊण तास माणसं त्यावर बसून काय बोलणार? ज्याचा तुकडा आत आहे तेच शिजवायचं कसं, हे बोलायची. बोलण्यात दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं, एक सुतार आणि दुसरा ट्रकवाला.

"रात्रभर ताकात ठेवायचं," सुतार म्हणायचा. "रानाचा उग्रपणा पार निघून जातो."

"रानाचा वास काढायचा असेल तर घरचं डुक्कर खा की," ट्रकवाला म्हणायचा. "व्हिनेगर, मिरे आणि भरपूर कांदा. बाकी काही नाही."

"आणि नर असला तर?"

"माजावरचा नर असला तर ताकात ठेव नाहीतर अत्तरात ठेव, शेजारी पोलिसात जातील."

बाई भिंगाला डोळा लावून हे सगळं ऐकत असायच्या. मादी आणि तीही दोन वर्षांच्या आतली सगळ्यात चांगली. चरबी पांढरी आणि घट्ट हवी, पिवळी दिसली की जनावर म्हातारं समजावं. खांद्याचं मांस रश्शाला, मांडीचं निखाऱ्यावर. मीठ शेवटी. आच मंद, घाई केली की चामडं होतं आणि दम धरला की बोटानं तुटतं. चवीबद्दल मात्र दोघांचं एकमत होत नव्हतं. सुतार म्हणायचा बकऱ्यासारखं लागतं, पण त्याला वजन असतं. ट्रकवाला म्हणायचा, ते फक्त रानडुकरासारखंच लागतं आणि ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही.

बाईंनी खाल्लं नव्हतं.

त्याची गोष्ट एका शब्दाची होती. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका शिकाऱ्यानं निळा कागद घेता घेता सहज विचारलं, "बाई, तुम्ही खाता का हे?" बाई म्हणाल्या, "नाही." त्यांना म्हणायचं होतं की अजून कधी योग आला नाही. त्यानं ऐकलं की चालत नाही. तो बाकड्यावर गेला आणि म्हणाला, बाई खात नाहीत, आणि कसं खाणार, दिवसभर अळ्या बघून कुणाला अन्न जाईल? तिथून ते गावभर झालं. पुढं हजारावर डुकरं त्या काचांखालून गेली. त्यातल्या एकाचाही तुकडा शिजून बाईंच्या ताटात आला नाही, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. बाईंनाही आपण होऊन सांगता आलं नाही. 'मी खाते हो' हे कुणाला आणि कोणत्या निमित्तानं सांगायचं? मागितल्यासारखं झालं असतं.

आणि घरी तरी कुणासाठी शिजवायचं? बाईंचं लग्न झालं नाही. धाकटा भाऊ दूरच्या शहरात, रविवारी फोन करायचा. आईला पोटाचा विकार. तिच्यासाठी बाईंनी अकरा वर्षं मऊ भात, उकडलेला भोपळा आणि बिनतिखटाचं वरण केलं, आणि दोन वेगळे स्वयंपाक कोण करत बसणार म्हणून स्वतःही तेच खाल्लं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती. भोपळा सुटला नव्हता. बाजारात भाजीवाली बाईंना बघून न विचारताच फोड कापायची.

त्या वर्षी थंडीत सुताराची मुलगी सहा वर्षांनी माहेरी येणार होती. नवरा, सासू-सासरे, सगळे. तीस माणसांचं जेवण ठरलं होतं. सुतारानं सकाळी सातलाच तुकडा आणून खिडकीत ठेवला, आणि बाकड्यावर बसलाही नाही. "साफच असणार बाई. घरी चूल पेटवलीय. दुपारी कागद न्यायला येतो." डॉक्टर दौऱ्यावर होते. बाईंच्या हातात आधी कुत्र्यांच्या लसींची यादी होती. त्यांनी काच भिंगाखाली घातली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

सतराव्या दाण्यात ती होती. लिंबाच्या बीसारखी पारदर्शक पिशवी आणि तिच्यात गुंडाळी करून बसलेली अळी, घड्याळाच्या कमानीसारखी. सव्वीस वर्षांत बाईंनी ती चौथ्यांदा पाहिली. त्यांनी उरलेल्या मांसातून दुसरे अठ्ठावीस दाणे काढले. त्यांत दोन निघाल्या.

सुताराला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. बाईंनी पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून खोलीला कुलूप घातलं आणि चालत निघाल्या. वीस मिनिटांची वाट, त्या बाराव्या मिनिटालाच धापा टाकायला लागल्या. सुताराच्या गल्लीच्या तोंडाशीच वास आला. सव्वीस वर्षं कच्च्या मांसाचा वास नाकात बसलेला, त्याला गंजक्या खिळ्यासारखा एक दर्प असतो. हा त्याचा कुणीच लागत नव्हता. हा गोडसर होता, कांदा खोल तपकिरी होईपर्यंत परतल्यावर येतो तसा, आणि त्याच्याखाली काहीतरी जड, ओल्या सालीसारखं. बाई क्षणभर तिथंच थांबल्या. दम लागला म्हणूनही असेल.

अंगणात टेबलं जोडून चादरी अंथरल्या होत्या. एका बाजूला मोठं पातेलं, दुसऱ्या बाजूला निखाऱ्यांवर मांडी लावलेली. सुताराच्या बायकोनं बाईंना पाहिलं आणि तिला वाटलं, नवऱ्यानं बोलावलं असणार.

"या ना बाई. बरं झालं आलात. अहो, खुर्ची द्या कुणीतरी." आणि बाईंना तोंड उघडू न देता तिनं एक ताटली त्यांच्या हातात दिली. "आमचं जरा तिखट असतं हं. थोडं थोडं घ्या."

ताटलीत रस्सा आणि तीन तुकडे होते. वाफ बाईंच्या चष्म्यावर आली.

"खाऊ नका," बाई म्हणाल्या. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "कुणी खाऊ नका. अळी निघालीय."

सुतार हात पुसत पुढं आला. "बाई, सकाळपासून रटरटतंय. पाच तास. एवढ्यात हत्ती शिजेल."

"रश्शातलं शिजलं असेल. उकळून शिजलं की ती मरते, हे खरं आहे. पण हाडाजवळ काय झालंय ते मी सांगू शकत नाही. आणि ती निखाऱ्यावरची मांडी आतून लाल आहे."

"तीस माणसं आहेत, बाई."

"म्हणूनच पळत आले."

सुतारानं पातेल्याखालची लाकडं ओढली. मागच्या परसात खड्डा खणला, त्यात सगळं ओतलं, वर चुना टाकला. पाहुण्यांना अंडी आणि ब्रेड वाढले. त्या धांदलीत जावई हळूच म्हणाला, "मी मघाशी निखाऱ्यावरचे दोन तुकडे चाखले." बाईंनी त्याला त्याच दुपारी दवाखान्यात जाऊन गोळ्या सुरू करायला सांगितलं. तो हसला. मुलीची सासू म्हणाली, "एवढ्या दोन तुकड्यांनी काय होतंय?"

ताटली अजून बाईंच्याच हातात होती. त्यांनी ती स्वतः खड्ड्याशी नेऊन रिकामी केली. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांना काय, ह्या खातच नाहीत. ह्यांचा कशाला जीव तुटेल?" बाईंनी ऐकलं, ताटली नळाखाली धुऊन पालथी घातली आणि आल्या वाटेनं परत गेल्या.

पुढचे काही दिवस बाकडं ओस पडलं. लोक तुकडा ठेवायचे आणि तासाभरानं यायचे. ट्रकवाला आला तरी ट्रकमध्येच बसून राही. बाईंनी चूक केली असं कुणी म्हणत नव्हतं, पण शुभ कामात अपशकुन केलेल्या माणसाशी वागतात तसं सगळे वागत होते. खिडकीतून आता फक्त वारा यायचा. बाईंना तेव्हा कळलं की बाकड्यावरची ती बडबड आपल्याला घरच्या माणसांसारखी होती.

बारा दिवसांनी जावयाचे डोळे सुजले. ताप चढला, जिना उतरताना पोटऱ्या दुखून तो खाली बसला. गोळ्या त्यानं दोन दिवस घेऊन सोडून दिल्या होत्या. महिनाभर अंथरुणावर काढून तो बरा झाला, पण त्या तीस जणांना आपण कशातून वाचलो ते कळलं. आपणही त्या पंगतीत बसणार होतो.

हंगाम संपता संपता सुताराची बायको एकटी खिडकीशी आली. नवरा लाजत होता. तिनं तुकडा ठेवला आणि बाकड्यावर बसली. पाऊण तासानं बाईंनी निळा कागद सरकवला.

"मादी आहे, लहान आहे," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "बाई, तुमचे उपकार कसे फेडायचे? तुम्ही खात असतात तर यातलंच दिलं असतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी खाल्लेलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "खात नाही असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सुताराच्या बायकोनं कागदात गुंडाळलेला दीड किलो खांदा आणून दिला.

शनिवारी संध्याकाळी बाईंनी आईचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. ताक की व्हिनेगर, यात तासभर गेला. शेवटी त्यांनी निम्मं मांस ताकात ठेवलं, निम्मं व्हिनेगरमध्ये, कुणाचं मन मोडायला नको म्हणून. रविवारी सकाळी शिजायला घातलं आणि एक अडचण आली. सव्वीस वर्षांत जे ऐकलं होतं ते सगळं वीस-पंचवीस माणसांचं होतं. वीस जणांना मीठ किती ते त्यांना तोंडपाठ होतं. एकटीला किती, हे बाकड्यावर कुणी कधी बोललंच नव्हतं. त्यांनी अंदाजानं टाकलं आणि ते जास्त झालं. पाणी वाढवलं, मग पुन्हा आटवलं. दुपारचे तीन वाजले.

पहिला घास त्यांनी उभ्यानंच घेतला. मांस काळपट, घट्ट, दोऱ्यादोऱ्यांचं होतं, आणि चावताना शेवटी शेवटी गोड लागत होतं, भाजलेल्या बदामासारखं. बकऱ्यासारखं मुळीच नव्हतं. मग त्या ताट घेऊन नीट बसल्या, दोन वेळा वाढून घेतलं, आणि तरी पातेलं भरलेलंच होतं.

एक वाटी घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथं निवृत्त टायपिस्ट बाई राहायच्या. त्यांनी वाटी नाकाशी नेली, छान म्हटलं आणि परत दिली. "मला दात कुठायत हो?" संध्याकाळी भावाचा फोन आला.

"काय जेवलीस?"

"रानडुक्कर."

"तू? कुणाकडं होतं?"

"माझ्याकडंच."

"कोण कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मीच होते." भाऊ बरं म्हणाला आणि वहिनीच्या गुडघ्यांविषयी बोलायला लागला.

ते मांस त्यांना चार दिवस पुरलं. रोज संध्याकाळी गरम करायचं आणि खायचं.

पुढच्या आठवड्यात बस थांब्यावर सुताराची बायको भेटली. "कसं झालं होतं?" तिनं विचारलं, आणि बाई सांगायला लागल्या. ताकातलं मऊ झालं होतं पण व्हिनेगरमधल्याला चव होती, पहिल्या दिवशी मीठ पुढं येत होतं, दुसऱ्या दिवशी मुरलं, तिसऱ्या दिवशी रस्सा घट्ट होऊन चमच्याला धरायला लागला. इतकं सलग बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. सुताराची बायको पिशवी या हातातून त्या हातात घेत मान हलवत होती.

"बाई, माझी बस आली," ती म्हणाली.

चौथा दिवस सांगायचा राहिला. बाईंनी हात केला, आणि बस वळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.