तळ्याकडची अर्धी जाळी

आमच्या सोसायटीच्या बाग समितीतल्या काकांनी मला फसवलं. रानप्लमच्या जाळीची पायवाटेकडची अर्धी बाजू कापायची, असं ठरलं होतं. त्यांनी तळ्याकडची कापायला लावली.

ही जाळी, म्हणजे काटेरी झुडपांची दाटी, अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या आमच्या टाउनहाउसमागे आहे. काटे असे, की जाड जॅकेटही फाटतं. पण माझी नोकरी गेली त्या वसंतात मी मागच्या पायरीवर बसून असायचो आणि एका सकाळी ती पानांआधीच पांढऱ्या फुलांनी भरून गेली. मधमाश्यांचा आवाज पायरीपर्यंत येत होता. मी उठलो, दाढी केली आणि किराणा दुकानासाठी जागा बघायला बाहेर पडलो. आज ते दुकान चालतं. त्या जाळीचे उपकार मी विसरलेलो नाही.

बर्फात ससे तिच्या बुडाशी दडतात, कोल्हा बाहेर फेऱ्या मारतो आणि काट्यांपुढे हात टेकून निघून जातो. उन्हाळ्यात मांजरासारखा ओरडणारा एक राखाडी पक्षी आत घरटं करतो. पाखरांनी खाऊन उरलेली आंबट फळं बायको आमसुलाऐवजी आमटीत टाकते. काकांनी ती आमटी वाटी तोंडाला लावून प्यायली आहे.

या जूनमध्ये ते म्हणाले, "अरे, लोकांच्या कपड्यांना काटे लागतात. सगळी काढा म्हणतायत."

"काका, आत घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत एक फांदी हलवायची नाही."

"तू दुकानदार. आकडा वर लावूनच सुरू करणार."

"बरं, पायवाटेकडची अर्धी काढा. घरटं तळ्याकडे आहे."

"ठरलं. आता चहा टाकायला सांग."

घाऊक बाजारात मी कोणाच्या तोंडी शब्दावर कांद्याचं एक पोतं उचलत नाही. इथे मात्र आपला माणूस, आपला चहा, म्हणून समितीत दुसऱ्या कोणाच्या कानावर घातलं नाही.

एका संध्याकाळी दुकानातून परतलो तर तळ्याकडची बाजू साफ. घरटं फांद्यांच्या ढिगात उलटं पडलेलं, निळसर अंडी फुटलेली. मी तसाच काकांकडे गेलो.

"काका, ठरलं काय होतं?"

"अर्धीच कापली ना? आवाज कशाला चढवतोस?"

"पायवाटेचे काटे तसेच आहेत. तळ्याकडून चालतं कोण?"

आतून काकू म्हणाल्या, "पण आता आमच्या खिडकीतून तळं किती छान दिसतं, नाही?"

काका चष्मा पुसत राहिले. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो पक्षी मात्र गेला नाही. उरलेल्या अर्ध्या जाळीत, पायवाटेला अगदी लागून, त्याने पुन्हा काड्या जमवल्या. मी रोज दुकानात जाण्याआधी लांबून बघायचो. ऑगस्ट लागता लागता पिल्लं उडाली. मी पायरीवर उभा राहून हात जोडले, त्या पक्ष्याला आणि त्या काट्यांना.

आता फळं पिकली आहेत. आमटी झाली, की काकांकडे डबा जाईल, बायकोने तसं बजावलंय. डबा घेऊन मीच येणार आहे. काका, झाकण उघडण्याआधी, काकूंसमोर सांगा: शब्द पायवाटेचा दिलात आणि करवत तळ्याकडे का नेलीत?